अजून ठरायचंय

अ‍ॅपिस्टो या माशाच्या बाजारात मादी वर मिळते. नराचे पैसे मोजायचे. मग दुकानदार जाळी पुन्हा एकदा पाण्यात बुडवतो, बोटाच्या दोन पेरांएवढं करडं काहीतरी उचलतो आणि त्याच पिशवीत सोडतो. भाजीवर कोथिंबीर टाकतात तशी. कधी तीही टाकत नाही. ‘नुसता नर न्या, दिसायला तोच आहे,’ असं सांगतो, आणि दुकानातल्या निळ्या दिव्याखाली उभं राहून पाहिलं तर त्याचं काही चुकतंय असं वाटत नाही.

नराचा दिमाख खराच आहे. जेमतेम तीन इंचांचा जीव, पण पाठीवरच्या पराचे पुढचे काटे काकाकुव्याच्या तुऱ्यासारखे उभे राहिलेले, शेपटीची दोन्ही टोकं लांब निघालेली आणि त्यांत शेंदरी ठिपके, ठिपक्यांना काळी किनार. या ठिपक्यांवर भाव ठरतो. नुसत्या शेपटीत रंग असला तर एक किंमत. पाठीच्या आणि पोटामागच्या परांतही उतरला असला की तोच मासा ‘ट्रिपल रेड’ होतो आणि किंमत चढते. मादीच्या रंगाला भाव नाही, कारण दुकानात तिच्या अंगावर रंगच नसतो. ती कोपऱ्यात, फिल्टरच्या आडोशाला, आपण इथं नसल्यासारखी.

पहिली जोडी आणायला गेले तेव्हा दुकानदारानं विचारलं, ‘मॅडम, मुलासाठी का?’ माझ्यासाठीच, म्हटल्यावर त्यानं मला फ्लॉवरहॉर्न दाखवला. कपाळावर भलंथोरलं टेंगूळ असलेला तो मासा वास्तूला चांगला असतो म्हणे. मला वास्तू सुधारायची नव्हती. मला पिल्लं बघायची होती. बहुतेक मासे अंडी पाण्याच्या हवाली करून पुढे निघून जातात. अ‍ॅपिस्टो ज्यात मोडतो ते सिक्लिडांचं कुळ मागे थांबतं, राखण करतं, पिल्लांना घेऊन फिरतं, हे वाचलं होतं. वाचलेलं घरात घडतं का, एवढंच बघायचं होतं.

मी आणला तो अ‍ॅपिस्टो मूळचा पेरूतला. उकायाली आणि तिच्या अवतीभवतीच्या अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला, ओढ्यांच्या उथळ कडेला, गळलेल्या पानांच्या जाड थरात राहणारा. हूडेमन या डच मत्स्यतज्ज्ञानं १९५१ साली त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं, अ‍ॅपिस्टोग्रामा ककॅटुऑइडिस. त्याच वर्षी मुंबईत राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचं उद्घाटन झालं. लहानपणी आम्हाला तिथं नेलं की बोटं दाखवली जायची ती कासवांकडे आणि मोठ्या माशांकडे. पालापाचोळ्यात लपणारा दोन-तीन इंची मासा बघायला कोण तिकीट काढणार? बाजारात येणारे अ‍ॅपिस्टो तर आता पेरूचेही राहिलेले नाहीत. त्यांच्या कित्येक पिढ्या काचेच्या आत जन्मल्या आणि काचेच्या आतच मेल्या. तरी टाकीत वाळलेलं पान पडलं की ते त्याच्याखाली शिरतात. ओढा त्यांनी पाहिलेला नाही, पण पानाचं काय करायचं ते त्यांना माहीत असतं.

पान मी बदामाचं घालते. आपल्या रस्त्याकडेचा हा बदाम, ज्याची फळं दगडानं फोडून आतला इवलासा गर खाण्यात आमच्या दुपारी गेल्या, त्याचा अ‍ॅमेझॉनशी काही संबंध नाही. पण त्याच्या वाळक्या पानातून टॅनिन सुटतं, पाणी तांबूस होतं, थोडं आम्लाकडे झुकतं. पान कुजायला लागलं की त्यावर सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर धरतो, आणि तो थर म्हणजे पिल्लांची पहिली शिदोरी. परदेशात लोक ही पानं विकत घेतात. मी ती सोसायटीच्या फाटकापासून वेचून आणते. थंडीत झाड लालभडक होऊन पानं टाकायला लागलं की पिशवी घेऊन खाली उतरायचं. सुरुवातीला वॉचमनकाका झाडू थांबवून म्हणायचे, ‘मॅडम, राहू द्या, मी उचलतो कचरा.’ आता तेच चांगली, न फाटलेली पानं निवडून खुर्चीखाली विटेच्या वजनाखाली ठेवतात आणि मी दिसले की कशासाठी ते न विचारता काढून देतात.

आमच्या पुण्याला पाणी खडकवासल्याचं. धरणात साठलेला पाऊस तो, क्षार बेताचे, माशांना बऱ्यापैकी मानवतं. क्लोरीन तेवढं उडवून द्यावं लागतं. अडचण एप्रिलपासून सुरू होते. सोसायटीत टँकर येऊ लागतात, टँकर कुठल्या तरी बोअरवर भरलेले असतात, आणि कातळातून वर आलेल्या त्या जड पाण्यानं बादल्यांवर पांढरी पुटं चढतात. मग मी त्यात स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी मिसळते. पाण्यातले क्षार मोजायचा टीडीएस मीटर आमच्याकडे चमच्यांच्या खणात असतो; एका पाहुणीनं तो ताप मोजायचा समजून काखेत धरला होता. आरओचं पाणी माशांना जातं हे सासूबाईंना पहिल्यांदा कळलं तेव्हा त्यांनी काही म्हटलं नाही, फक्त नळाचं पाणी तांब्यात भरून माझ्यासमोर प्यायल्या.

राहता राहिली गुहा. दुकानात मिळणाऱ्या गुहांवर बुरूज असतात, कवट्या असतात, एकीवर तर डोळे मिचकावणारा चाचा बसलेला होता. करवंटी बरी. शेंड्या खरवडायच्या, दोनतीनदा उकळायची, कडेला करंगळी जाईल एवढी खाच पाडायची आणि वाळूवर पालथी घालायची. खाच लहानच हवी. मादी सहज आत जावी आणि नराला कसंबसं डोकं घालता यावं, एवढीच.

तिनं जागा पसंत केली की कळतं. तोंडात वाळू भरून करवंटीतून बाहेर आणून टाकायला लागते, हवी तेवढी जमीन खोल करते, दाराशी ढीग लावून दार आणखी अरुंद करते. नराला बोलावणंही तीच करते. त्याच्यासमोर आडवी होऊन अंग वाकवते, थरथरवते, आत जाते, पुन्हा बाहेर येते. तो तुरा उभारून, रंग चढवून मागे मागे. बघणाऱ्याला वाटावं, सगळा सोहळा त्याचाच आहे.

आणि मग ती दिसेनाशी होते. अंडी ती करवंटीच्या छताला चिकटवते, पोट वर करून, उलटी पोहत. लालसर, लांबट अंडी, पन्नास-साठ तरी. नर आपलं काम उरकून बाहेर येतो. संध्याकाळपर्यंत, कधी त्याच्याही आधी, खाचेतून एक डोकं बाहेर डोकावतं आणि ते दुकानातून आणलेल्या माशाचं नसतं.

पिवळं जर्द. अंगभर. त्यावर काळ्याभोर खुणा: डोळ्यातून गालावर उतरलेली एक रेघ, बाजूनं गेलेला एक पट्टा, पोटाखालच्या परांची पुढची कड काळी कुळकुळीत. माशांच्या कातडीत रंगपेशी असतात; मज्जातंतूंच्या आणि संप्रेरकांच्या हुकमानं त्यांतले रंगकण पसरतात, आकसतात, आणि म्हणून हा पालट काही तासांत, कधी काही मिनिटांत होतो. हे सगळं ठाऊक असूनही दर वेळी मी टाकीत तिसरा मासा शोधते. हा रंग नराला भुलवण्यासाठी नाही. त्याचं काम झालेलं आहे. हा रंग दूर राहा असं सांगण्यासाठी आहे, आणि पुढे पिल्लांना आई कुठे आहे ते दिसण्यासाठी. विकण्याच्या कुठल्याही क्षणी तो तिच्या अंगावर नसतो. पिशवीत घातली की उतरतो, दुकानाच्या टाकीत चढत नाही, फोटोसाठी जाळीत धरली की गेला. अंडी असतील, जागा तिची असेल, तरच.

नराला हा रंग लगेच समजतो. सकाळी जिच्यासमोर तो परांचा पिसारा फुलवून उभा होता तीच आता त्याच्या अर्ध्या आकाराची असून अंगावर धावून जाते. ओढ्यात त्याला पळायला जागा असते, शिवाय त्याच्या हद्दीत आणखी दोनतीन माद्या आपापली घरं धरून असतात. तो बाहेरची राखण करतो आणि मार खाल्ला तर शेजारी जातो. दोन फुटी टाकीत शेजार नसतो. तो हीटरच्या मागे, पाण्याच्या अगदी वरच्या अंगाला, तुरा मिटून उभा राहतो. वेळेवर काढला नाही तर ती त्याला मारूनही टाकते. ‘दिसायला तोच आहे’ म्हणून ज्याचे पैसे मोजले, तो दुसऱ्या दिवशी बाजूच्या छोट्या टाकीत जातो.

पहिलटकरणी पुष्कळदा अंडी खाऊन टाकतात. टाकीवर टकटक झाली, कुणी उजेड टाकला, की खातात. काही झालं नाही तरी खातात. त्यात क्रौर्य वगैरे शोधू नये. जिथं पिल्लं जगण्याची लक्षणं नाहीत तिथं त्यांच्यावर खर्ची पडलेलं सत्त्व परत पोटात घेणं हा सरळ हिशेब आहे, आणि पुढल्या खेपेला तीच मादी तासन् तास अंड्यांवर पराचा वारा घालत बसते, बुरशी धरलेलं अंडं नेमकं वेचून काढते, खायला टाकलं तरी बाहेर येत नाही. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास अंडी फुटतात. आतून निघतात त्या शेपट्या, पोटाशी बलकाची पोटली घेऊन वळवळणाऱ्या. त्यांना ती तोंडात घेऊन या खळग्यातून त्या खळग्यात हलवत राहते. आणि आठवडा उलटल्यावर एका सकाळी बाहेर येते तेव्हा तिच्या पोटाखालची जागा गढूळ दिसते. जवळ जाऊन बघावं तर त्या गढूळपणाला डोळे असतात.

सासूबाई टाकीसमोर खुर्ची ओढून बसल्या होत्या. त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक दिसायला लागलंय, त्याचा त्या पुरेपूर उपयोग करतात. बराच वेळ बघून त्यांनी सवयीनं विचारलं, ‘काय झालं गं? मुलगे की मुली?’

‘अजून ठरायचंय, आई.’

‘कळायचंय म्हण.’

‘नाही. ठरायचंय.’

आणि मग मला ते समजावून सांगावं लागलं. अ‍ॅपिस्टोंच्या पिल्लांचं लिंग अंड्यातच कायमचं पक्कं झालेलं नसतं. पहिल्या काही आठवड्यांत पाणी किती ऊन किंवा गार आहे, त्यावर बरंचसं अवलंबून असतं. रोमर आणि बायझेनहर्ट्झ या दोन जर्मन संशोधकांनी तिसाहून अधिक जाती वेगवेगळ्या तापमानांच्या पाण्यात वाढवून १९९६ साली हे दाखवून दिलं. पाणी तेवीस अंशांच्या आसपास असलं तर माद्या जास्त निपजतात, एकोणतीसच्या पुढे नर जास्त. काही जातींत पाण्याच्या आम्लतेचाही हात असतो. आम्ल वाढलं की नरांचं पारडं जड. कासवांचं याच्या उलट. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची अंडी ज्या वाळूत राखली जातात ती वाळू तापली तर माद्या होतात, निवली तर नर. निसर्गाला ऊन आणि गार यांत कुठलंही एक बाईचं आणि दुसरं पुरुषाचं असं वाटून द्यायचं नव्हतं, एवढं तरी यावरून दिसतं.

‘म्हणजे गरम पाण्याला मुलगे,’ सासूबाई म्हणाल्या. थोडा वेळ गप्प राहिल्या. माझा नवरा त्यांचं चौथं अपत्य, तीन बहिणींच्या पाठचा. ‘तिसरी झाली तेव्हा आमच्या सासूबाईंनी कुणाकुणाचे अंगारे आणले, एका वैद्याचं कडूजहर औषध पाजलं. पाणी तापवायचं तेवढं कुणाला सुचलं नाही.’

१९९६ हे साल माझ्या डोक्यात दोन कारणांनी एकत्र बसलंय. त्या वर्षी १ जानेवारीला गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा केंद्राचा कायदा अमलात आला. महाराष्ट्रानं तर त्याआधीच, १९८८ साली, आपला स्वतःचा कायदा केला होता, देशात पहिला. पुढे मी माझ्या सोनोग्राफीला गेले तेव्हा इथं गर्भलिंगनिदान होत नाही असं सांगणारा फलक भिंतीवर होताच. त्याच्याखाली ओळीनं बायका बसलेल्या, सोबत कुणाची आई, कुणाची सासू, आणि फलकाकडे कुणीही बघत नव्हतं, सगळ्या आतल्या दाराकडे बघत होत्या. आत डॉक्टरीणबाईंनी पडदा स्वतःकडे वळवून घेतलेला. मला मुलगी झाली. ते मला बाळंतपणाच्या खोलीतच कळलं आणि त्या आधी कळायला हवं होतं असं मला कधी वाटलं नाही. इतरांचं मी काय सांगू.

माझ्या टाकीवर असा फलक नाही. हीटरच्या डोक्यावर आकडे कोरलेली एक चकती आहे आणि ती माझ्या अंगठ्यानं फिरते.

व्यापारासाठी पिल्लं काढणाऱ्यांच्याही अंगठ्यानं ती फिरते, हे सांगायला नको. रंग नरात, भाव नराला, तर पाणी ऊन ठेवायचं; पिल्लंही लवकर वाढतात. यात कुणी खलनायक नाही. गिऱ्हाइकाला लाल हवं असतं. मात्र नंतर तेच गिऱ्हाईक जोडी लावायची म्हणून मादी शोधत हिंडायला लागतं आणि ती कुठं मिळत नाही, मग ज्याच्याकडे दोन माद्या शिल्लक आहेत त्याला रात्री दहा वाजता फोन येतात. २०२२च्या डिसेंबरात सोलापुरात लग्नाळू तरुणांनी नवरदेवाच्या वेषात, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. लग्नाला मुली मिळत नाहीत, गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबवा, हे त्यांचं मागणं. तेव्हा पेपरात छापून आलेल्या फोटोंवर लोक हसले. मी हसले नाही असं नाही, पण फोटो कापून ठेवला.

मग आपण चकती कुठे ठेवायची? पहिल्यांदा मला वाटलं, सव्वीस. तिथं नर-माद्या साधारण बरोबरीनं होतात, म्हणजे प्रश्न मिटला. पण सव्वीस हाही मी निवडलेलाच आकडा. हात काढून घ्यायचा म्हटलं तरी तो कुठे ठेवून काढायचा हे ठरवावंच लागतं. ओढ्यात कुणी सव्वीस राखत नाही. तिथं पाऊस पडून गार पाणी शिरतं, पाणी ओसरलं की उथळ कडा तापतात, आणि त्या त्या दिवसांत जन्मलेली पिल्लं त्या त्या पाण्याची होतात. पुण्यातल्या खोलीलाही ऋतू आहेत. हीटर बंद ठेवला तर डिसेंबरात टाकीचं पाणी एकवीस-बावीसवर उतरतं. मे महिन्यात पंखा लावून, झाकण काढूनही तिशीच्या खाली येत नाही. शेवटी मी चकती चोवीसवर ठेवली, ती थंडीत त्यांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होऊ नये म्हणून. त्याच्या वर जे काय करायचं ते पुण्याचं ऊन करतं. त्यामुळे माझ्याकडे मार्गशीर्षाच्या माद्या होतात आणि वैशाखाचे नर. हे न्यायाचं आहे का, ते मला ठाऊक नाही. निदान त्यात बाजार नाही.

पिल्लं पोहायला लागली की माझं काम वाढतं. ओट्याच्या कोपऱ्यात एक उलटी बाटली टांगलेली असते, तिच्यात जाड्या मिठाचं पाणी आणि आर्टेमियाची अंडी. अमेरिकेतल्या युटाच्या खाऱ्या सरोवरातून गोळा झालेली ही अंडी डब्यात वर्षानुवर्षं कोरडी पडून राहतात आणि खाऱ्या पाण्यात हवेचे बुडबुडे सोडले की दिवसभरात फुटतात. निघालेले जीव उजेडाकडे धावतात, म्हणून खालच्या बाजूला दिवा धरून गोळा करायचे, गोड्या पाण्यानं धुवायचे, ड्रॉपरनं टाकीत सोडायचे. दहा मिनिटांत प्रत्येक पिल्लाचं पोट नारिंगी दिसतं. ते नारिंगी पोट बघितल्याशिवाय मला सकाळचा पेपर वाचता येत नाही, आणि मला एवढी घाई ऑफिसला जाताना कधी झालेली नाही.

बाकी सगळं ती बघते. आणि बघते म्हणजे काय, ते बघण्यासारखं आहे. पिल्लांचा थवा घेऊन ती पानांवरून हळूहळू चालते. मधेच पान तोंडानं उलटते, की खालचं बारीकसारीक त्यांना खाता यावं. धोका वाटला की पोटाखालचे काळ्या कडांचे पर झटकन हलवते, अंगाला एक हिसका देते, आणि क्षणात टाकीत एकही पिल्लू दिसत नाही. सगळी वाळूला चिकटून निपचित. दुसरी खूण झाली की पुन्हा उठतात. भरकटलेल्याला ती तोंडात घेते, थव्यापर्यंत येते आणि थुंकून देते. दिवे मावळायच्या वेळेला हे काम घाईनं चालतं. एकेक तोंडात घेऊन करवंटीत पोचवायचं. ज्यांची पिल्लं गेली अशा माद्या दुसरीची पिल्लं पळवून आणून सांभाळतात. आणि टाकीत खाद्य म्हणून सोडलेल्या डॅफ्नियाच्या घोळक्यालाच पिल्लं समजून राखत बसलेली मादी पाहिल्याचं जुने पाळणारे सांगतात. मला ते खरं वाटतं. माझी एकदा गोगलगाईला हाकलून हाकलून दमली, पण जेवली नाही.

सिक्लिड म्हटलं की आपल्याला परदेश आठवतो, म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. भारतातही या कुळाच्या तीन जाती आहेत. गोव्यात रव्यात घोळवून तळतात ते कालुंदर त्यांतलंच. त्याचा धाकटा भाऊबंद, नारिंगी क्रोमाइड, दक्षिणेच्या खाड्यांतून आणि खाजणांतून राहतो. त्याची पिल्लं आईबापांच्या अंगावरचा स्राव टोचून टोचून खातात, आणि तिथं बाप पळून जात नाही. दोघंही पिल्लांजवळ असतात, दोघांच्याही अंगाला तोंडं लागलेली. आफ्रिकेतल्या क्रिबेन्सिसमध्ये तर मादीच जास्त रंगीत, पोटावर जांभळट लाल डाग घेऊन नराला गटवणारी, आणि बाजारात तिला भाव असतो. तेव्हा मादी म्हणजे करडी, हा काही सृष्टीचा नियम नाही. अ‍ॅपिस्टोंच्या दुकानातला नियम आहे.

महिना-दीड महिन्यात अ‍ॅपिस्टोची मादी पिल्लांना ओळखेनाशी होते. पिवळा उतरतो, काळ्या रेघा पुसट होतात, आणि जी पिल्लं तोंडात घेऊन फिरत होती त्यांनाच हुसकायला लागते; तिला पुन्हा अंडी घालायची असतात. अडीच-तीन महिन्यांत पिल्लांमधले नर ओळखू येतात. मग मी दुकानदाराला फोन करते आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘नर किती आहेत?’

डिसेंबरातल्या खेपेला मी खरं तेच सांगितलं. तो म्हणाला, ‘मॅडम, एवढ्या माद्यांचं मी काय करू? हीटर बिघडलाय का तुमचा?’ नर घेतले, त्याच्या मनात असेल तेवढ्या माद्या घेतल्या, बाकीच्या परत. त्या मी कॉलेजातल्या पोरांना दिल्या, जोडीनं. शेजारच्या इमारतीतला एक मुलगा आला होता, त्याच्या हातात लाल नराचा मोबाइलवरचा फोटो. असाच पाहिजे, म्हणाला. मी दिला. सोबत मादी ठेवली तर पिशवीकडे बघून म्हणाला, ‘काकू, हिची गरज आहे का?’ मी नेच म्हटलं. सभ्य होता, नकार दिला नाही.

पावसाळा लागल्यावर एका रविवारी त्याचा फोन आला. आवाज घाबरलेला.

‘काकू, ती मादी आजारी पडलीय. सगळी पिवळी झालीय. माशांना कावीळ होते का?’

‘आणखी काय करतेय?’

‘नराला मारतेय. तो वर कोपऱ्यात जाऊन बसलाय. आणि सकाळी पाणी बदलताना माझ्या बोटाला चावली.’

‘बरं झालं.’

‘काय?’

‘करवंटीतून बाहेर येते का ती?’

‘नाही. थांबा, टॉर्च मारून बघतो.’

‘टॉर्च मारू नकोस,’ मी जवळजवळ ओरडलेच. सासूबाईंनी खुर्चीवरून मान वळवली. ‘अजिबात काही मारू नकोस. नराला बाहेर काढ, बादलीत ठेव तोवर. हीटर कितीवर आहे?’

‘तीसवर. दुकानात म्हणाले, रंग चांगला येतो.’

‘सव्वीसवर आण. एकदम नको, रोज एक अंश.’

‘मग पिवळी जाईल?’

‘आणि आर्टेमिया आहे का घरी?’ मी विचारलं. ‘नसेल तर आत्ता ये आणि घेऊन जा. येताना रिकामी बाटली आण.’